लाखनीला समुद्र आणला, त्याची हकिकत

“फिनाईल टाकलं हिनं. दुसरं कायनं मरते एवढा मोठा समुद्र?”

मोरेश्वरभाऊ ओरडत होते. भाऊंची राइस मिल आहे. उभी हयात यंत्रांच्या धडधडाटावर मात करून हमालांना हाका मारण्यात गेली, त्यामुळे ते जेवताना हळूच ‘वरण वाढ’ म्हणाले तरी हायवेवरचा ट्रक ब्रेक मारतो. त्या दिवशी तर ते मनापासून ओरडत होते. समोर स्वयंपाकघराच्या दारात सुनंदाबाई उभी. भाऊंच्या घरचं धुणं, भांडी, फरशी सगळं तिच्याकडे. फरशीचा ओला कपडा हातात तसाच होता आणि त्याचं पाणी तिच्याच पायावर ठिबकत होतं.

“मी टाकीले हात बी नाई लावला भाऊ,” ती म्हणाली. “मले त्या झिंग्याचं भेव वाटते.”

“झिंगा आहे कुठी आता? मेला थो. सगळे मेले. उद्यापासून येऊ नको तू.”

हे साधं वाक्य नव्हतं. भाऊंच्या घरून काढलेल्या बाईला लाखनीत दुसरं घर मिळत नाही, कारण तिला का काढलं हे भाऊ त्याच आवाजात सांगतात आणि ते सगळ्या गावाला एकदमच कळतं. सुनंदाबाईला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मी स्टुलावर चढून एक हात खांद्यापर्यंत त्या मेलेल्या समुद्रात घातला होता, दुसऱ्या हाताने नाक धरलं होतं आणि दोघांच्या मध्ये न पडण्याची शिकस्त करत होतो. शनिवारी भाऊंच्या मुलीचा साखरपुडा. पुण्याचे पाहुणे खास आपला समुद्र बघायला येणार, असं भाऊ तालुकाभर सांगून बसले होते. आणि समुद्राला वास असा, की बाजारात न खपलेली सुकट कोणीतरी ओल्या रजईत शिवून ठेवली आहे.

आता लाखनीत समुद्र कुठून आला, हे सांगायला हवं. लाखनीहून तुम्ही कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लागण्याआधी रेल्वेत दोनदा जेवावं लागतं. पाणी आमच्याकडे कमी नाही. भंडारा जिल्ह्यात तलाव इतके, की माणसाला पत्ता विचारला तर तो घर नाही सांगत, तलाव सांगतो. पण ते गोडं पाणी. खारा समुद्र या जिल्ह्यात पहिल्यांदा आणला तो मी. इतिहासात याची नोंद होणार नाही, म्हणून मीच इथे करून ठेवतो.

हायवेला लागून माझं मत्स्यालयाचं दुकान आहे. शोभेचे मासे, काचेच्या टाक्या, हवेचे पंप, रंगीत गोटे, प्लास्टिकची झाडं. दुकान टाकलं तेव्हा बोर्डावर मी हौसेने भला मोठा मासा रंगवून घेतला. ही चूक झाली. ट्रकचे ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन आत यायचे, बाकावर ऐसपैस बसायचे आणि भात-मासा मागायचे. एकाला मी समजावून सांगितलं, की बाबा रे, हे मासे शोभेचे आहेत, खायचे नाहीत. त्याने काचेतला गोल्डफिश खालून वर नीट न्याहाळला आणि म्हणाला, “तल के भी अच्छा ही दिखेगा।” त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण मी तेल तापवलं नाही.

या धंद्यात मला एक गोष्ट फार लवकर कळली. मासे मारणारी गिऱ्हाइकं दोन प्रकारची असतात, एक दुर्लक्ष करणारी आणि दुसरी प्रेम करणारी. दुर्लक्ष करणाऱ्यांचे मासे जास्त जगतात. आमच्याकडचे एक गुरुजी जे स्वतः खात ते आधी माशांना दाखवत. सकाळी पोहे, दुपारी पोळीचा तुकडा. दिवाळीला त्यांनी टाकीत चिवडा सोडला. तिसऱ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. गुरुजी त्यांतला एक रुमालात बांधून दुकानात घेऊन आले आणि म्हणाले, “जरा चांगल्या पचनशक्तीचे द्या ना.” मी दिले. धंदा प्रेमावरच चालतो.

गोड्या पाण्याच्या टाक्यांवर पोट भरतं, पण मान वर होते ती खाऱ्या पाण्याच्या टाकीने. खारी टाकी म्हणजे समुद्रातले मासे, आणि त्याहून वर म्हणजे समुद्रातलं जिवंत पोवळं. ज्याच्या घरी जिवंत पोवळं, तो माणूस गावात बंगल्याच्याही वरच्या मजल्यावर राहतो. मोरेश्वरभाऊंनी अशी टाकी मुंबईत कोणाच्या तरी ऑफिसात पाहिली आणि थेट माझ्या दुकानात आले. “मले समुद्र पाहिजे,” म्हणाले. मी विचारलं, केवढा. त्यांनी हॉलची भिंत दाखवावी तसे दोन्ही हात पसरले, आणि भाऊंचे हात आखूड नाहीत. त्यांच्या बोटात मंगळासाठी घातलेलं लाल पोवळं होतंच. मंगळ बोटाने भागला नसेल, आता भिंतीने भागेल, असं मी मनात म्हणालो आणि माप घ्यायला निघालो.

समुद्र तयार करणं सोपं नाही. लोक समुद्रातून मीठ काढतात, मी मिठातून समुद्र काढत होतो. गाळलेलं शुद्ध पाणी, त्यात बादल्या-बादल्या परदेशी मीठ, आणि खारटपणा मोजायची काचेची नळी. शेजारच्या बायका खिडकीतून बघून गेल्या आणि भाऊंकडे यंदा पोतंभर आंब्याचं लोणचं पडणार, अशी बातमी गावात फिरली. टाकी भरल्यावर वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, बोट बुडवून चाखलं आणि “खारट आहे बाप्पा” असा दाखला दिला. मग खात्री करून घ्यायला सगळी गल्ली आली. इतक्यांनी चाखलं, की संध्याकाळी मी पाहिलं तर समुद्र बोटभर ओसरला होता.

मग त्यात पोवळं आलं. हे काय असतं ते सांगतो, कारण अंगठीतल्या खड्यावरून त्याची कल्पना येत नाही. पोवळं दिसतं दगडासारखं, वाढतं झाडासारखं आणि असतो तो प्राणी. एक नाही, हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून चुन्याची चाळ बांधतात आणि तिच्यातच राहतात. प्रत्येकाच्या अंगात एक भाडेकरू असतो, हिरवट शेवाळासारखा. तो उन्हावर स्वयंपाक करतो आणि मालकाला जेवू घालतो. पोवळ्याचा रंगही त्याचाच. पाणी जरा जास्त तापलं, की मालकाचं डोकं फिरतं आणि तो भाडेकरूला हाकलून देतो. मग पोवळं पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. समुद्रात अशा चाळींचे डोंगर असतात, त्यांत मासे लपतात, अंडी घालतात. माणसाच्या पिढ्यान्पिढ्या जातात तेव्हा तो डोंगर उभा राहतो. तो फोडायला एक छिन्नी पुरते.

हा माल मला पुरवणारा डीलर मुंबईचा. पोवळं येतं कुठून, असं मी त्याला एकदा विचारलं. “समुद्रातून,” म्हणाला. कुठल्या? “मोठ्या.” आपल्या समुद्रातलं पोवळं काढायला बंदी आहे, म्हणून हे परदेशातलं, असं त्याने पुढे शपथेवर सांगितलं. खोक्यावर ‘शोभेचे दगड’ असं लिहिलेलं असायचं. मासे कसे पकडतात, हेही त्याने एकदा चहा पिताना सांगितलं. काही ठिकाणी बाटलीत सायनाइडचं पाणी घेऊन खाली जातात, पोवळ्याच्या फटीत शिंपडतात, मासा झिंगून बाहेर येतो, पकडला की झालं. ज्या पोवळ्यावर शिंपडलं, ते मागे मरतं. आमच्याकडे नाल्यात ब्लिचिंग टाकून मासे मारणारा एखादा असतो, तर सगळं गाव त्याला शिव्या घालतं. मीही घालतो. डीलरचा मात्र मी चहा पीत होतो, आणि चहा चांगला होता.

आलेल्या खोक्यातला अर्धा माल वाटेतच मेलेला असे. त्यावर डीलरचा नियम सोपा होता. मेलेल्याचा फोटो पाठवा, बदली जिवंत पाठवतो. माझ्या मोबाईलमध्ये नातेवाइकांपेक्षा मेलेल्या माशांचे फोटो जास्त आहेत. भाऊंच्या टाकीतही पहिल्या लॉटमधलं बरंच पोवळं पांढरं पडलं, मी बदलून दिलं. मग पुन्हा पडलं, पुन्हा बदलून दिलं. आमच्या धंद्यात याला ‘टाकी बसणे’ म्हणतात. नव्या घराची भिंत बसते, तशी टाकी बसते. बसेपर्यंत जे मरतं त्याची कोणी आठवण काढत नाही.

वनखात्यातून निवृत्त झालेले भाऊंचे एक साडू जेवायला आले होते. त्यांचं तोंड टाकीकडे आणि घास हातात. घास तिथेच थांबला. म्हणाले, “भाऊ, वाघ कायद्याच्या ज्या अनुसूचीत आहे ना, थ्याच अनुसूचीत हे पोवळं आहे.” मला वाटलं, आता भाऊ मला टाकीसकट बाहेर काढतात. पण भाऊंची छाती फुगली. दुसऱ्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की आपण घरात वाघ पाळला आहे. साडू त्यानंतर भाऊंकडे आले की स्वयंपाकघरातच जेवतात, पाठ हॉलकडे करून.

समुद्राला आमचं ऊन मानवत नाही. मे महिन्यात लाखनीत डांबर चपलेला चिकटून घरी येतं, अशा हवेत पोवळं एक दिवस जगणार नाही. म्हणून चिलर बसवला. चिलर म्हणजे पाण्याचा एसी. वीज गेली तर मिलचा जनरेटर आधी समुद्राला आणि मग मिलला, असा भाऊंचा हुकूम होता. पण पाणी थंड करायचं, तर त्यातली उष्णता कुठे तरी सोडावी लागते. दर्शनी भिंतीला भोक पाडायला भाऊ तयार नव्हते, घराची शोभा जाते म्हणाले. मागच्या बाजूला एक खोली होती. चिलरची गरम हवा मी त्या खोलीत सोडली. त्या खोलीत बाबाजी राहत होते.

बाबाजी म्हणजे भाऊंचे वडील. एकोडीला त्यांची धानाची शेती. म्हातारी गेल्यावर भाऊंनी त्यांना लाखनीला आणलं. ते कोणाला काही मागत नसत. खोली भट्टी झाली, तेव्हा तक्रार न करता त्यांनी आपली बाज उचलली आणि हॉलमध्ये टाकीसमोर आणून टाकली. गार काचेकडे तोंड करून ते पडून राहत. पहिले काही दिवस त्यांना तो टीव्हीच वाटला. मला विचारलं, “हे बदलत काहून नाई गा?” मग बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे बदलतं, पण धानासारखं. घाई करणाऱ्याला दिसत नाही.

टाकीत एक हिरवं पोवळं होतं, दिवे लागले की माणसाच्या पंजासारखं उघडायचं आणि संध्याकाळी मिटायचं. बाबाजींचा त्याच्यावर जीव जडला. मी महिन्याच्या साफसफाईला गेलो, की ते मला हकिकत द्यायचे. काल पंजा पूर्ण उघडला होता. आज अर्धाच आहे. वहिनी म्हणायच्या, “आमची विचारपूस करत नाई, पन पंजाची करते.” रोवणी झाल्यावर रोप धरलं की नाही हे बघायला शेतकरी धुऱ्यावर जाऊन नुसता उभा राहतो ना, तसा तो म्हातारा बाजेवर बसलेला असायचा. आणि लाखनीत आल्यापासून पहिल्यांदाच त्याला सकाळी उठून बघायला काही तरी होतं, हे मलाही दिसत होतं.

मग टाकीत शेवाळ आलं. दिवे जास्त, खाणं जास्त, की हिरवा थर येतोच. तो पंजावरही चढू लागला. बाबाजींनी मला दोनदा सांगितलं. जाईल आपोआप, दिवे कमी ठेवा, असं सांगून मी निघून गेलो, कारण तेव्हा साकोलीच्या एका हॉटेलवाल्याच्या टाकीत मी डिस्कोचे दिवे बसवत होतो. त्या कामातही कला लागते.

तर, मी स्टुलावर होतो आणि भाऊ ओरडत होते.

खांद्यापर्यंतच्या त्या हाताने मी चाचपडत होतो आणि डोकं चालवत होतो. मासे जिवंत होते. नारिंगी पट्ट्याचे दोघे, निळा एक, सगळे सुस्त, पण जिवंत. मेलं होतं ते पोवळं, झिंगे, गोगलगाई. फिनाईल असतं तर आधी मासे गेले असते. मासे ठेवून बाकी सगळं मारणारी एकच वस्तू मला माहीत आहे, ती म्हणजे तांबं. आणि मग पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी माझ्या बोटांना एक चिंधी लागली. सुतळीने बांधलेली छोटी पुरचुंडी.

धानाच्या प्रदेशातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शेवाळ माजलं, की मोरचुदाचे निळे खडे फडक्यात बांधतात आणि बांधीत पाणी शिरतं त्या तोंडाशी पुरचुंडी अडकवून देतात. पाणी त्यातून झिरपत जातं आणि शेवाळ मरतं. धानाला काही होत नाही. आमच्या बापजाद्यांनी हेच केलं आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचंच औषध. पुरचुंडी कुठे बांधावी, यात तर बांधणाऱ्याची तसूभरही चूक नव्हती. अगदी पाण्याच्या तोंडाशी.

मी मान वळवली. बाबाजी बाजेवर बसून माझ्या हाताकडे बघत होते. मी पुरचुंडी मुठीत घेतली, हात बाहेर काढला, पुसल्यासारखं केलं आणि खिशात घातली. ते त्यांनी पाहिलं.

म्हाताऱ्याचं नाव घ्यावं, तर मुलगा साखरपुड्याच्या तोंडावर बापाला काय बोलेल ते हायवेवर ऐकू जाईल. न घ्यावं, तर सुनंदाबाई जाते. आणि आपलं नाव निघू द्यावं, हा विचार माझ्या डोक्यात शिरला असता, पण डोक्यात तेव्हा जागा नव्हती. मी स्टुलावरून उतरलो आणि गंभीर चेहरा केला.

“भाऊ, फिनाईल नाई हे. जगभरचे समुद्र तापून राहिले. सगळीकडे पोवळं पांढरं पडून मरून राहिलं. अंदमान घ्या, लक्षद्वीप घ्या, ऑस्ट्रेलिया घ्या. मंग तुमचाच कसा वाचन?”

भाऊंचा आवाज एकदम खाली आला. “म्हनजे हे जागतिक आहे?”

“जागतिक.”

मृत्यूला दर्जा आला की दुःख निम्मं होतं. भाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. पुण्याच्या पाहुण्यांना सांगायला हे फिनाईलपेक्षा फार चांगलं होतं. सुनंदाबाईने हातातला कपडा बादलीत टाकला. मी माझी पिशवी उचलली. आणि तेवढ्यात भाऊंची नजर चिलरवर गेली. चिलरवर लाल आकडा ठळक दिसत होता आणि तो गारच होता. जगभरचे समुद्र तापले असतील, पण हा एक रोज थंड असल्याची पावती भिंतीवर झळकत होती. ते यंत्र मीच विकलं होतं आणि ‘भाऊ, हा आकडा कधी खोटं बोलत नाही’ असं मीच सांगितलं होतं.

“तापला म्हनते ना तू?” भाऊ म्हणाले. मग माझ्याशी बोलणं संपवून ते पुन्हा सुनंदाबाईकडे वळले. “फिनाईलच आहे. जाय घरी.”

ती दाराकडे निघाली. चपला घालायला वाकली.

“मोरेश्वर, थे मी केलं,” बाबाजी म्हणाले. बाजेवरून उठले नाहीत. “शेवाळ चढत होतं त्याच्यावर. मोरचुदाची पुरचुंडी बांधली. याच्या खिशात आहे, पाह्य.”

मी खिशातून पुरचुंडी काढून टीपॉयवर ठेवली. तिचं निळं पाणी काचेवर पसरलं. भाऊ बापाकडे वळले. ज्या माणसाने बांधीत पुरचुंडी बांधायला शिकवलं, त्याच्यावर त्याच कारणाने कसं ओरडावं, हे त्या आवाजाला सुचेना. शेवटी ते सुनंदाबाईला म्हणाले, “भांडे पडले आहेत ना अंदर?” त्यांच्याकडची माफी एवढीच असते. तिने चपला काढल्या आणि आत गेली. जाताना बाबाजींच्या बाजेपाशी क्षणभर थांबली, आणि मग तिने त्यांच्यासाठी चहा आणून ठेवला. मला विचारलं नाही.

भाऊ माझ्याकडे वळले. शनिवारच्या आत नवा समुद्र हवा. मी सांगितलं, की तांबं दगडात मुरलं आहे, या टाकीत आता पोवळं टिकणार नाही, सगळं बदलायला वेळ लागेल. प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी विचारलं, निदान जगेल किती? मी म्हणालो, साखरपुड्यापर्यंत.

“मंग झालं तर,” भाऊ म्हणाले. “आपल्याले तेवढंच पाह्यजे.”

बाबाजींनी चहाची बशी तशीच खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डीलरला फोन लावला.

शुक्रवारी खोकी आली, विमानाने नागपूर आणि तिथून माझ्या गाडीने. त्यात एक हिरवा पंजाही होता, पहिल्यापेक्षा मोठा. शनिवारी पुण्याचे पाहुणे आले. नवऱ्या मुलाने खिशातून स्वतःची स्टीलची नळी काढून सरबत प्यायलं आणि प्लास्टिकने समुद्राचं काय होतं, ते आम्हाला टाकीकडे पाठ करून समजावून सांगितलं. मग सगळ्यांनी टाकीसमोर फोटो काढले. विहीणबाई म्हणाल्या, किती निसर्गप्रेमी घर आहे. भाऊंनी त्यांना वाघाची अनुसूची सांगितली. पंजा दिव्याखाली पूर्ण उघडला होता. त्याचा फोटो अंगठ्या घातलेल्या हातांसोबत निघाला. बाबाजींची बाज त्या दिवशी मागच्या खोलीत हलवली होती, आणि समुद्र थंड राहावा म्हणून चिलर पूर्ण जोरात चालू होता.

पुढच्या आठवड्यात मी टाकी रिकामी करायला गेलो. पंजा पांढरा पडला होता, मिटलेला नाही, उघडाच. वहिनींनी तो शोकेसमध्ये ठेवायला मागून घेतला. समुद्राच्या जागी आता मोठा टीव्ही लावायचं ठरलं होतं. मी ते नारिंगी दोघे आणि निळा एक पिशव्यांत भरले, दुकानात ठेवायला. तेवढ्यात बाबाजी कापडी पिशवी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, एकोडीले जातो, सोडून देतो का? भाऊ मिलवर होते. वहिनी राहा म्हणाल्या, खोली आता तापणार नाही असंही म्हणाल्या, पण ते गाडीपाशी पोचलेही होते. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मागे पिशव्यांत समुद्राचं उरलेलं पाणी डुचमळत होतं.

हायवे सोडून आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना बांध्या कोरड्या होत्या, उन्हाने भेगाळलेल्या. बाबाजी खिडकीतून त्या बांध्यांकडे बघत होते. मग म्हणाले, “तू मोरेश्वरले सांगत होता, मोठ्या समुद्रात बी असंच मरून राहिलं म्हनून. थे खरं का लबाडी?”

“थे खरं आहे बाबाजी.”

“थिकडे कोनं पुरचुंडी बांधली?”

आता असा प्रश्न विचारल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसतो का? मी सुरू झालो. समुद्र तापतो तो साऱ्या जगाच्या धुराने, त्यात मिल आली, ट्रक आले, वीज करायला जळणारा कोळसा आला, पुण्याहून गाडीचा एसी लावून आलेले पाहुणेही आले. शहरांची घाण, जहाजं, जाळी. एवढ्या मोठ्या पापात आमच्या धंद्याचा वाटा केवढा? बांधीतलं धान चिमणी नेते, तेवढा. शिवाय लोक घरात पोवळं बघतात, म्हणून तर त्यांना समुद्राबद्दल प्रेम वाटतं. प्रेम वाटलं तरच वाचवतील ना. हे मी इतकं छान मांडलं, की मलाच भरून आलं. एकोडी येईपर्यंत मी बोलत होतो.

घरासमोर गाडी थांबवली. अंगणात सावली होती, शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं. बाबाजी दार उघडायची कडी शोधत होते. ते उतरण्याआधी मी शेवटचं सांगून टाकलं.

“आन बाबाजी, खरं सांगू का, मारनारा तर मी नाईच. घरी नेल्यावर कोन काय करते, थे माह्या हातात आहे का? मी तर फक्त विकतो.”

त्यांना कडी सापडली. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली, आणि दार लावता लावता म्हणाले,

“मोरचूद बी मी दुकानातूनच आनला होता.”